बाईसाहेबांच्या पाठीवरची रेघ

आमचे बाबा नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि त्यांच्या लाडक्या घोडीच्या अंगावर मात्र माश्याच माश्या. त्या उन्हाळ्यात आमच्या तबेल्याची दशा एवढ्या एका वाक्यात सांगता येईल.

घोडीला सगळे बाईसाहेब म्हणतात. वय सव्वीस. बाबांनी तिला शिंगरू असताना आणलं आणि तिच्यावर निम्म्या गावाला घोड्यावर बसायला शिकवलं. आता तबेला मी चालवते, शिकवतेही मीच. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, गुडघे गेलेत. बाईसाहेबांचा रोजचा खरारा त्यामुळे माझ्याकडे आला, पण रविवारची आंघोळ त्यांनी कुणाला दिली नाही. बादली, स्पंज, साबण आणि दीड तास. एवढा वेळ त्यांनी आम्हा बहिणींच्या आंघोळीला कधी दिला असेल असं वाटत नाही.

चिलटं आणि माश्या चावल्या की बाईसाहेबांना भयंकर कंड सुटायची. आयाळ आणि शेपटीचं मूळ खांबाला घासायच्या, रक्त निघेपर्यंत. त्या जखमांवर आणखी माश्या यायच्या. डॉक्टर म्हणाले, या वयात जखमा अशा उघड्या राहणं बरं नाही. दोन महिन्यांत भरल्या नाहीत तर तिला ताईकडे हलवा. ताईचं शेत उंचावर आहे, दिवसभर वारा असतो, तिथे माशी ठरत नाही. ताईने लगेच गाईंच्या गोठ्यातली एक जागा मोकळी केली. अडचण एकच होती. ताईचं घर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आणि बाबांना गाडीत तासभरही बसवत नाही. बाईसाहेब गेल्या की बाबांना त्या परत दिसणार नाहीत, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

जाता जाता डॉक्टरांनी एक औषध दिलं. छोटी नळी. हातमोजे घालायचे, कानांच्या मागून शेपटीपर्यंत कण्यावरचे केस बाजूला करत थेंब थेट कातडीवर सोडायचे. ते कातडीच्या तेलाबरोबर अंगभर पसरतं आणि माश्या लांब राहतात. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. थेंब टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर तीन दिवस अंग धुवायचं नाही.

मी हिशोब केला. रविवारची आंघोळ आड यायला नको, तर गुरुवार उत्तम. आणि बाबांना सांगायचं नाही. फार वर्षांपूर्वी कसल्याशा फवाऱ्याने एका घोड्याचे डोळे सुजले होते, तेव्हापासून बाटलीतलं काहीही माझ्या तबेल्यात नको, असा बाबांचा फतवा होता. पन्नाशी उलटली तरी त्यांच्यासमोर मी अजून शाळेतलीच आहे. म्हटलं, झाकली मूठ बरी. गुरुवारी पहाटे थेंब टाकायचे, नळी ओढणीत गुंडाळून घरात न्यायची आणि दुपारी नेहमीसारखं चारा आणायला निघून जायचं.

असे एकाआड एक तीन गुरुवार गेले. पालथ्या घड्यावर पाणी. बाईसाहेब घासतच होत्या. मी दुकानदाराशी भांडले, नळी जुनी दिलीत म्हणून. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी विचारलं, थेंब घोडीवर टाकता ना, की जमिनीवर? मी फोन ठेवून दिला. ताईला मात्र कळवलं की तयारी ठेव.

चौथ्या गुरुवारी चाऱ्याचं दुकान बंद निघालं आणि मी तासाभरात परत आले. तबेल्यात पाण्याचा आवाज येत होता. बाबा काठी बगलेत धरून उभे होते, पायाशी बादली, आणि हातातल्या स्पंजने ते बाईसाहेबांच्या पाठीवरून कानापासून शेपटीपर्यंत अगदी सरळ रेघ घासत होते. फेस खाली ओघळत होता. माझे थेंब त्या फेसात होते.

मला पाहून ते दचकले. गुरुवारी कसली आंघोळ, असं मी विचारलं. ते स्पंज पिळत राहिले.

"तेलकट रेघ राहते हिच्या पाठीवर," म्हणाले. "एक गुरुवार सोडून एक. घाईत खरारा करतेस तू. शिकायला येणाऱ्यांनी बघितलं तर म्हणतील, शिकवणाऱ्या बाईंना घोडं साफ ठेवता येत नाही. म्हणून धुऊन टाकतो. तुला कशाला बोलू, आधीच तुझ्यामागे ढीगभर कामं."

मी तिथेच पालथ्या टोपलीवर बसले. आधी हसू आलं, मग रडू. मग सगळं सांगितलं, नळीपासून ओढणीपर्यंत. आता भडका उडणार म्हणून मान खाली घातली. बाबा बाईसाहेबांच्या शेपटीजवळच्या जखमेकडे बघत राहिले.

"म्हणजे हे माझ्या हातानं झालं?"

"नाही बाबा. मी लपवलं म्हणून झालं."

त्यांनी नळी मागवली, चष्मा लावला आणि तिच्यावरचं सगळं दोनदा मोठ्याने वाचलं. मग डॉक्टरांना फोन लावायला लावला. डॉक्टर म्हणाले, नीट वाळू द्या, दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी पुन्हा टाका. दोन महिने भरायला सतरा दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी नेमका रविवार आला. बाबांनी बाईसाहेबांचं तोंड धरलं आणि मी केस बाजूला करत थेंब सोडले. प्रत्येक थेंबाला ते विचारत होते, कातडीवर पडला का? बादली कोरडीच होती. पुढच्या रविवारी त्यांनी साबण बाहेर काढला, मग म्हणाले, तीन दिवस होऊन गेलेत खरे, पण कशाला विषाची परीक्षा? साबण आत गेला. दीड तास ते तिच्याजवळ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

सतरावा दिवस रविवारचाच. सकाळी आम्ही पुन्हा थेंब टाकले आणि दुपारी डॉक्टर आले. त्यांनी शेपटी उचलली, मान वाकवून पाहिलं, आयाळ चाचपली. खपल्या वाळल्या होत्या. शेपटीच्या मुळाशी नखभर नवे केस आले होते, मऊ, काळे. हलवायची गरज नाही, म्हणाले, फक्त औषध चुकवू नका. मी ताईला फोन करून सांगितलं, त्या मोकळ्या जागेत तुझ्या गाई बांध.

डॉक्टर गेल्यावर बाबा बाईसाहेबांच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "यापुढे मला सांगत जा. मी चिडेन. तरी सांगत जा."

मी म्हटलं, सांगेन.

काठी टेकत ते दारापर्यंत गेले आणि थांबले.

"आणि खरारा चांगला करतेस तू. मी उगाच दीड महिना मनात नावं ठेवली."

पन्नास वर्षांत बाबांनी मला चांगलं म्हटल्याचं आठवत नाही. मी बाईसाहेबांच्या मानेत तोंड खुपसलं आणि ते घरात जाईपर्यंत तशीच उभी राहिले.