नळाची उंची

बाथरूमच्या दाराशी चपला काढून सून वाकूनच आत शिरली, तरी गीझरचा पाइप तिच्या कपाळाला लागायचा तो लागलाच.

"लागलं का गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"सवय आहे," ती कपाळ चोळत म्हणाली.

सवय होतीच. या बाथरूममधली प्रत्येक वस्तू सासूबाईंच्या मापानं बसवलेली होती, आणि सासूबाईंचं माप म्हणजे स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायलाही खुर्ची ओढावी लागणारं. नळ खाली, साबणाचा कोनाडा खाली, टॉवेलची खुंटी तर सुनेच्या कमरेला टोचेल अशी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवरा म्हणाला होता, "आम्हा बुटक्यांच्या घरात तू म्हणजे दिव्याचा खांब." त्यावर सगळ्यांत जास्त हसल्या होत्या त्या सासूबाईच. पुढे नवरा-बायको दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले, तेव्हा नव्या घरात तिनं सर्वांत आधी काय पाहिलं असेल तर बाथरूमचा नळ.

आज सासूबाईंनी तिला ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून बोलावलं होतं. "प्लंबर यायचाय, त्याला तुझं जरा काम आहे," एवढंच फोनवर. प्लंबरला आपलं काय काम असणार, हे काही तिला उलगडलं नव्हतं.

प्लंबर भिंतीशी उकिडवा बसून एकेका टाइलवर बोटानं ठोकून पाहत होता. त्याच्यामागे आंघोळीच्या स्टुलावर बाळी बसली होती. बाळी ही नवऱ्याची थोरली बहीण. कानशिलावरचे केस पांढरे झाले तरी बाळीच, कारण देहानं वाढली तरी समजुतीनं ती दोन-अडीच वर्षांपलीकडे गेलीच नाही. बोलता येत नाही, धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. जन्मल्यापासून तिला रोज आंघोळ घातली ती सासूबाईंनी, एकटीनं. मुलगी आईच्या दीडपट झाली, तरीही.

"वहिनी, आता पाइप सगळे भिंतीच्या आतून जाणार," प्लंबर सुनेला म्हणाला. "एकदा टाइल बसली की फेरबदल नाही. काय हवं-नको ते आजच सांगून टाका."

"मी काय सांगणार? आईंचं बाथरूम आहे."

सासूबाईंनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. त्या प्लंबरकडेच वळल्या.

"भाऊ, हा उंबरा काढायचा. चाकाची खुर्ची सरळ आत आली पाहिजे, उचलायला लागता कामा नये. पाण्याचा उतार त्या कोपऱ्याकडे द्या, हिच्या पायाशी नको. साबणाचं पाणी पायाखाली साचलं की घाबरते."

"देतो, काकू."

"शॉवर भिंतीवर ठोकलेला नको, हातात धरायचा हवा. आणि पाणी एका हद्दीपुढे गरमच होणार नाही, असा नळ असतो म्हणे."

"असतो की. बसवू."

"बसवाच. पण नळावर भिस्त ठेवायची नाही. आधी बघून घ्यायचं. हातानं नाही, हात निबर असतो. कोपरानं बघायचं. हिला चटका बसला तर ही ओरडत नाही, हसते."

प्लंबरचं ठोकणं थांबलं. "हसते?"

"दुखलं की हसते. बरं वाटलं तरी हसते."

"मग कळायचं कसं?"

"कळतं," सासूबाई म्हणाल्या. "लागतो वेळ, पण कळतं."

मग त्या सांगतच राहिल्या. पाणी आधी पायांवर घालायचं, मग पाठीवर. डोक्यावर एकदम ओतायचं नाही. आधी तिथे आपला हात ठेवायचा, म्हणजे आता डोकं भिजणार हे तिला समजतं. डावा कान जपायचा, तो फुटलेला आहे. आंघोळ झाली की लगेच उठवायचं नाही, थोडा वेळ टॉवेलात तशीच बसू द्यायची, तिला ते फार आवडतं. आता बाळीच्या डाव्या कानाशी प्लंबरला काय घेणं-देणं? पण तो शहाणा होता. "हं, हं" करत मान डोलवत राहिला आणि चुकूनही सुनेकडे पाहिलं नाही. लेकी बोले सुने लागे, अशी म्हण आहे. इथे प्लंबरला बोलून सुनेला सांगणं चाललं होतं, आणि जिला लागायचं तिला ते पुरतं लागत होतं.

गेल्या महिन्यात सासूबाईंना गाडीतून इस्पितळात नेलं ते सुनेनंच. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं काही लपवलं नाही. ऑपरेशनची वेळ निघून गेलेली आहे, औषधांनी दुखणं थोडं हलकं होईल, बाकी आपल्या हातात नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला होता. परतताना सुनेला गाडी चालवता चालवता रडू येत होतं, आणि सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. घराचं वळण आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझ्या माहितीत कुणी चांगला प्लंबर आहे का गं?"

तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारीला डॉक्टरांचं बोलणं समजलंच नाही.

त्याच आठवड्यात नवरा-बायको कुणाला न सांगता एक संस्था पाहून आले. बाळीसारख्यांना कायमचं ठेवून घेणारी. तिथे सकाळची आंघोळ चालली होती. एका लांब बाकावर बायका ओळीनं बसल्या होत्या आणि एक बाई, झाडांना पाणी घालावं तशी, नळी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. वाईट नव्हती ती बाई. प्रत्येकीला काहीतरी लाडाचं बोलत होती. परतताना नवरा म्हणाला, "स्वच्छ आहे, नाही?" "हो, स्वच्छ आहे," ती म्हणाली. सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, निदान तसा तिचा समज होता.

"ये, अशी इथे उभी राहा, बाळीपाशी," सासूबाई म्हणाल्या. "भाऊ, हिचं माप घ्या."

"माझं कशाला, आई? तुमचं घ्या ना."

"माझं कशाला?" त्या तिच्याच सुरात म्हणाल्या. "माझं तर जुन्या नळाला आहेच की."

"पण मग तुमचा हात पोचायचा नाही."

"नाही पोचला तर नाही पोचला."

प्लंबरनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. "काकू, असं करू का, मधोमध घेऊ. दोघींनाही चालेल."

"मधलं नको," सासूबाई म्हणाल्या. "मधल्यानं दोघींच्याही कमरा जातात."

सून बाळीच्या शेजारी उभी राहिली. बाळीनं तिच्या कुडत्याचं टोक मुठीत धरलं आणि ते चिवडू लागली.

"आता हात पुढे कर. मुद्दाम उंच नको. एका हातानं हिला सावरलंय आणि दुसऱ्यानं नळ सोडायचाय, असं समज."

सुनेनं हात पुढे केला. आणि करता करता तिनं गुडघे वाकवले. अगदी थोडे, ढगळ पायजम्यात कुणाला दिसणारही नाहीत इतके. हात खाली खाली आला आणि जुन्या नळाच्या रेषेत येऊन थांबला. तिथे नळ राहिला तर उद्याही सकाळी हा नळ सासूबाईच सोडतील, परवाही त्याच सोडतील, असं काहीतरी वेडगळ तिच्या मनात आलं. त्यात माया होती आणि पळवाटही होती, आणि कोणती किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

प्लंबरनं पेन्सिल टेकवली.

सासूबाई तिच्या हाताकडे बघतच नव्हत्या. त्या खाली, तिच्या पायजम्याच्या, ओल्या फरशीला टेकून भिजलेल्या काठांकडे बघत होत्या.

"गुडघे सरळ कर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आहेस तेवढी उभी राहा."

सरळ व्हायला तिला वेळ लागला. गुडघे काही दुखत नव्हते, पण लागला. मग हात वर गेला आणि प्लंबरनं तिथे रेघ मारली. सासूबाईंनी टाचा उंचावून, हात ताणून पाहिला. बोटं रेघेच्या बरीच खाली राहिली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"नक्की ना?" प्लंबरनं विचारलं. "उद्या भिंत फोडायला घेतो मग."

सासूबाईंनी घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घालू लागल्या. सुनेच्या डोळ्यांपुढे तो लांब बाक आला, ती नळी आली. नवऱ्याला काय सांगायचं, ऑफिसचं काय करायचं, सगळं एकदम आलं.

"साबणाचा कोनाडाही वर घ्या," ती म्हणाली. "मला वाकायला नको."

आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा तुटक निघाला. सासूबाईंचे हात टॉवेलावर थांबले.

"खुंटी पण," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. खुंटी पण."

एवढ्यात बाळीनं गाऊनची बटणं काढायला सुरुवात केली. तिच्या लेखी त्या स्टुलावर बसणं म्हणजे आंघोळ. मापं घ्यायलाही कुणी बसवतं हे तिला कसं कळणार? प्लंबरनं झटकन पाठ फिरवली आणि मोजपट्टी गुंडाळत तो बाहेर पडला.

"चला भाऊ, चहा टाकते," सासूबाई त्याच्यामागोमाग निघाल्या. "बादली भरलेली आहे गं. गीझर बंद केलाय, गरम पाणी पातेल्यात आहे."

"आई, अहो, मी एकटी..."

"आधी पाय," सासूबाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. कडी लावली नाही.

सुनेनं बाह्या वर सारल्या. पातेल्यातलं पाणी बादलीत ओतलं, कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार घातलं, पुन्हा पाहिलं. मग बाळीच्या पायांवर तांब्याभर पाणी सोडलं.

बाळीनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मान वर करून सुनेकडे पाहिलं. आणि हसली.

सुनेचा हात जागच्या जागी राहिला. मघाशी कोमट वाटलेलं पाणी खरंच कोमट होतं की कढत, हे आता तिला कळेना.

"आई," तिनं हाक मारली, "हसतेय ही."

बाहेर कपबशीचा आवाज नव्हता. दाराखालच्या फटीतून दोन लहान पावलं दिसत होती, दाराला अगदी लागून. ती हलली नाहीत.

सुनेनं पुन्हा कोपर पाण्यात बुडवलं.