पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या

लोक तिला बडबडी म्हणायचे; स्टेजवर एकटीनं उभं राहून लोकांना हसवायचा तिचा धंदाच मुळी उचलली जीभ लावली टाळ्याला असा. घरून लिहून आणलेले विनोद दहा मिनिटांत संपायचे. मग पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी धरायचं आणि उरलेला तास त्याच्यावर काढायचा. लोक तिकीट काढून यायचे आणि पहिल्या रांगेत बसायला घाबरायचे, याचा तिला कोण आनंद!

त्या रविवारी दुपारच्या खेळाला तिनं एका चष्मेवाल्या बाईला धरलं.

"ताई, तुम्ही काय करता?"

"ती घरीच असते," शेजारी बसलेला नवरा म्हणाला.

"आणि आवडतं काय तुम्हाला?"

"तिला असलं काही नसतं." पुन्हा नवराच.

आयतं सावज! "अहो, माईक माझ्या हातात आणि आवाज तुमचा! ताई, घरी जांभई तरी तुमची तुम्ही देता, की तीही हेच देतात?"

अख्खा हॉल खदखदला. नवराही हसला. बाई तर इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. मग एकदम थांबली, तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि चष्मा परत घातला. नवऱ्याचं हसू तसंच होतं. फक्त त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

बडबडीची नजर त्या मनगटावर गेली. तिची आई हसायच्या आधी अशीच बाबांकडे बघायची. एकदा मामाच्या थट्टेवर बघायची विसरली, तर ऐन उन्हाळ्यात आठवडाभर लांब बाह्या घालून वावरली.

बडबडीनं घाईघाईनं स्वतःचं नाक, स्वतःचं मोडलेलं लग्न चव्हाट्यावर आणलं. पण शेवटी पुन्हा पहिल्या गिऱ्हाइकाकडे यायचं, हा तिचाच रिवाज. मागून ओरडा सुरू झाला, "जांभईवाले काका!" तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. लोक हिरमुसले.

दारात नवऱ्यानंच तिला गाठलं. "मजा आली. हिला एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं. घरी गेल्यावर विचारतो, एवढं काय हसण्यासारखं होतं ते."

बाई स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

बडबडी म्हणाली, "पुढच्या रविवारी याच दोन खुर्च्या तुमच्या, माझ्याकडून. ताई दिसल्या नाहीत तर सगळ्यांसमोर विचारीन हं."

"येऊ की," तो म्हणाला.

आठवडाभर तिला घास गोड लागला नाही. ना नाव ठाऊक, ना पत्ता. आगाऊपणा हिनं केला होता आणि भोगायचं त्या बाईला.

रविवारी दिवे लागले. एका खुर्चीत तो होता. दुसरीवर त्याचा कोट.

"ताई कुठे आहेत?"

गेल्या खेळाला आलेले बरेच जण होते, त्यांच्यात हशा पिकला.

"बरं नाही तिला," तो ऐटीत म्हणाला. "हसून हसून."

हशा वाढला. बडबडी खाली उतरली, कोट उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्या खुर्चीत बसली. मग माईक त्याच्या तोंडासमोर धरला.

"ताई कुठे आहेत?"

एक-दोघं हसले, मग तेही थांबले.

"फोन लावा त्यांना," ती म्हणाली. "आत्ता, इथेच. त्यांचा आवाज ऐकू दे आम्हाला. आम्ही थांबतो."

तो हसायला गेला. पण त्याआधी त्यानं मागे वळून लोकांकडे बघितलं. कोणीच हसत नव्हतं.