बाहेर नेणारी दोरी

पवनीजवळ वैनगंगेत बुडालेल्या लाँचच्या पोटात स्वतःचा हातही दिसत नसे. तिच्यातलं पितळ काढायला उतरलेले पाणबुडे दाराला बांधलेली दोरी चाचपतच बाहेर येत. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात सगळं पितळ एकट्याने लाटायला हलकट चंद्रभानने निघताना ती दोरी सोडून नेली, आणि तुलारामचा भाऊ सुखराम आतच गुदमरला. “मले वाटलं, तो निंगाला,” चंद्रभान काठावर बिनदिक्कत म्हणाला. तुलारामने राग गिळला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच लाँचवर पाठीवर हवेची टाकी चढवताना तुलाराम चंद्रभानला म्हणाला, “दोरी मी बांधतो. तू आपली धरून ये.”

लाँचच्या आत चंद्रभान इंजिनाकडे सरकताच तुलारामने दारावरची गाठ सोडली आणि दोरीचं ते टोक सुखरामचं प्रेत सापडलं त्या कोपऱ्यात बांधली. डोंग्यापासून कमरेला बांधून आणलेल्या दुसऱ्या दोरीने स्वतः बाहेर आला. मग डोंग्यात बसून तो पाण्यावरचे बुडबुडे बघत राहिला, ते थांबेपर्यंत.