कोरडं नाक

आमच्या पाळणाघरात सकाळी दारातच नाकाची तपासणी होते. नाक वाहतंय? घरी. नाक कोरडं? आत. नियम मोठ्या बाईंचा, आणि रुमाल घेऊन दारात उभी राहणारी मी, इथली मावशी. बारा वर्षं पोरांची नाकं पुसते आहे.

त्या मंगळवारी मी एका मुलाला परत पाठवलं. शिंका, खोकला, नाकाला धार. पण गडी हसत होता, हातातलं बिस्कीट सोडत नव्हता. त्याची आई कामावर खाडा करून, मला मनातल्या मनात शिव्या घालत गेली. त्याच्यामागे भोंगा उभी होती. सहा वर्षांची पोरगी, बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून हे नाव. आज गप्प होती. नाक कोरडं ठणठणीत. मी तिला आत घेतलं.

दुपारी तिने ताट बाजूला सारलं. "मावशी, गिळताना टोचतंय. बाबांनी सकाळी तापाचं औषध दिलं."

औषधाचा असर उतरला होता, पोर तापाने फणफणली होती. खोकला नाही, शिंक नाही. जबड्याखाली हात लावला तर दोन गाठी, कळवळलीच. टॉर्च घेऊन तिला आ करायला लावलं. घसा लालभडक, त्यावर पांढरे डाग. 

माझ्या दादाचाही घसा असाच धरला होता. "थंडी बाधली," म्हणत घरच्यांनी गुळण्यांवर भागवलं, दुखणं अंगावर काढलं. घसा बरा झाला, सगळे खूश. तीन आठवड्यांनी सांधे सुजले, मग हृदयाच्या झडपेवर आलं. तेविसाव्या वर्षी दादा गेला. आणि लोक अजून म्हणतात, घसाच तर आहे!

मोठ्या बाईही तेच म्हणाल्या. "अगं, सर्दी असेल. संध्याकाळी तिचे बाबा आले की सांगू."

उचलली जीभ, लावली टाळ्याला!

"सर्दी असती तर नाक वाहिलं नसतं का? मग सकाळीच घरी पाठवली असती ना आपण!"

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. म्हणूनच डॉक्टरकडे न्या म्हणते."

मी त्यांच्यासमोरच फोन उचलला आणि तिच्या बाबांना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी घशातून कापसाची काडी फिरवून तपासणी केली. स्ट्रेप निघाला, दादाला भोवला तोच घशातला जंतू. दहा दिवसांचं औषध, आणि मधेच बरं वाटलं तरी बंद करायचं नाही अशी ताकीद.

तीन दिवसांनी भोंगाशेजारी बसणाऱ्या दोघांचे घसे धरले. मोठ्या बाईंनी माझ्यापुढे कागद सरकवला.

"पालक जाब विचारतील. लिहून दे, सकाळी तू तपासलंस तेव्हा मुलगी ठीक होती."

अंगाचा तिळपापड झाला. बाईंचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दादाची सख्खी बहीण मी, आणि बारा वर्षं नुसता रुमाल धरून उभी! एकदाही कुणाला विचारलं नाही, "बाळा, गिळताना दुखतंय का?"

मी पेन घेतलं आणि लिहिलं: "साध्या सर्दीचं पोर मी घरी पाठवलं. स्ट्रेपचं पोर आत घेतलं. नियमाप्रमाणे."

खाली सही केली, आणि कागद दारावर चिकटवला.