दोन महिने

नावं पुसणं हे माझं काम. आमच्यासह पाच इस्पितळांनी आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांची माहिती संशोधनासाठी एकत्र करायचं ठरवलं, तेव्हापासून मी रेकॉर्डच्या खोलीत बसून प्रत्येक फाइलमधलं नाव, पत्ता, फोन काढते, नंबर घालते आणि फाइल पुढे पाठवते. माणूस गळतो, आजार उरतो. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मग दादाची फाइल आली. तो जाऊन सात महिने झाले होते. निदान दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू दे म्हणत वहिनीने संमतीपत्रावर सही केली होती. पाचव्या रकान्यात लिहिलं होतं: रक्त पडायला लागल्यापासून तपासणीपर्यंतचा काळ, दोन महिने.

तो काळ चौदा महिन्यांचा होता, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. संडासातून रक्त पडतंय हे दादाने सगळ्यात आधी मला सांगितलं होतं, इस्पितळाच्या जिन्यात, वहिनीला बोलू नकोस असं बजावून. त्याला वाटलं, बहीण इस्पितळात आहे, तिला कळणारच. इथे दिव्याखाली अंधार. फायली चाळून मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. मूळव्याध आहे, पाणी जास्त पी, एवढ्यासाठी डॉक्टर कशाला, असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. भरतीच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन महिने." त्याने माझ्यावर पांघरूण घातलं आणि मी ते गुपचूप ओढून घेतलं. याची मला अजून लाज वाटते.

आता ते दोन महिने पाचही इस्पितळांच्या माहितीत मिसळणार होते. किती उशीर झाला की माणूस हातचा जातो, हेच तर त्या लोकांना शोधायचं होतं. हा दोन महिन्यांत आला आणि तरी गेला, असं ते धरून चालणार. म्हणजे दादा मेल्यावरही माझ्यासाठी खोटं बोलत राहणार.

रकाना बदलायचा तर घरच्या माणसाची सही लागते. घरचं माणूस म्हणजे वहिनी. तीन दिवस मी मूग गिळून बसले, चौथ्या दिवशी गेले.

ती दादाच्या शर्टांच्या घड्या घालत होती, कुणाला तरी द्यायला काढलेले. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटचा शर्ट झाल्यावर तिने कागद घेतला, वाचला आणि सही केली.

"वन्सं, त्यांनी कोणाला सांगितलं होतं, ते कुठे लिहितात?"

त्याला रकाना नाही, मी म्हणाले.

"मग खाली लिहा. नावासकट."

मी लिहिलं, पूर्ण नाव. तिने ते पुन्हा वाचलं आणि उठून दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद माझ्याच टेबलावर आला. दुसरीकडे कुठे जाणार? मी दोनाचे चौदा केले. दादाचं नाव काढलं, वहिनीचं काढलं, शेवटी माझंही. नावाच्या जागी फक्त नातं ठेवायचं असा नियम आहे. ओळ अशी उरली: 'रुग्णाने प्रथम बहिणीला सांगितले. तिने डॉक्टरांकडे जाऊ दिले नाही.'

मी ती एकदा वाचली आणि पुढे पाठवली.