गंगासागरच्या रक्तातला निकामी जनुक

मी एक जनुक बोलतोय. शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. माणसाच्या एकेका पेशीत, अकराव्या गुणसूत्रावर माझी इवलीशी वस्ती. शास्त्रज्ञांनी मला इंग्रजी अक्षरांचं नाव दिलंय, पण हाक मारावी असं ते नाव नव्हे.

माझं काम ऐकाल तर हसाल. माणसाचं हाड म्हणजे एकदा बांधलं की झालं, असं नसतं. रक्ताच्याच घराण्यातल्या काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, मग दुसऱ्या पेशी तिथे नवं भरतात. ही कुरतडणारी मंडळी आम्लाने हाड विरघळवतात. त्यांच्या पोटात लयकारिका नावाच्या बारीक पिशव्या असतात. त्या पिशव्यांच्या पापुद्र्यात आम्लाचा पंप बसतो, आणि त्या पंपाचा एक भाग माझ्या सांगण्यावरून घडतो. म्हणजे घडायला हवा.

मी मात्र निकामी. धारूरच्या एका लिंगायत वाणी घराण्यात, कुण्या खापरपणज्याच्या वेळी, नक्कल उतरताना माझ्यातला एक दुवा निखळला तो निखळलाच. पण कुणाला पत्ता लागला नाही, कारण आम्ही जनुक जोडीने राहतो, एक आईकडचा, एक बापाकडचा. माझा जोडीदार नेहमी राबता निघायचा. दोन भावांत एक राबतो, दुसरा बसून खातो आणि घर चालतं, तसं आमचं चाललं होतं. पिढ्यान्‌पिढ्या मी बसून खाल्लं आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

या घराची लेक गंगासागर. तिला माजलगावला दिली होती, मोंढ्यात सासऱ्यांचं आडत दुकान. तिचा धाकटा भाऊ विरुपाक्ष नवरी घेऊन धारूरला परतला, तेव्हा गंगासागर दारात आडवी उभी राहिली. कडेवर तिचा संगमेश्वर, नुकता पाऊल टाकू लागलेला. आपल्याकडे भावाच्या लग्नात बहीण असं दार अडवते. साडी मिळतेच, पण तिला हवा असतो शब्द.

“लेक देशील का माझ्या ल्योकाला? बोल, तवाच आत सोडते.”

“आगं, आजूक हळद उतरली न्हाई अन् तू लेक मागायलीस!” विरुपाक्ष हसला. “दिली. पैली लेक तुजीच.”

नवरी लाजली, वऱ्हाड खिदळलं, दार मोकळं झालं. मीही होतो की तिथे! दारातल्या बहिणीत होतो, उंबऱ्याबाहेरच्या भावात होतो, कडेवरच्या पोरातही होतो. ओरडून सांगावं तर मला तोंड कुठलं?

विरुपाक्षने शब्द पाळला. त्याची थोरली, रुद्राणी, बीडला शिकून आली आणि आत्याच्या घरी सून म्हणून गेली. पोरगी खुशीत होती. संगमेश्वर लहानपणापासून पाहिलेला, आणि आत्याला तर ती ‘तू’च म्हणायची, लग्नानंतरही. गंगासागरच्या पायाला जमीन लागत नव्हती. बायका विचारायच्या, तर तिचं उत्तर ठरलेलं, “बाहेरची कावून आणायची? घरची पोर हाय, रक्ताची पोर हाय.”

अशी लग्नं घरोघर होतात, आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. इथे मात्र मी दोघांतही होतो. संगमेश्वरकडून मी निघालो, रुद्राणीकडूनही मीच निघालो. त्यांच्या लेकीच्या, शांभवीच्या, पहिल्यावहिल्या पेशीत जोडीदार शोधायला गेलो, तर समोर मीच. दोघंही ऐतखाऊ. आता कुणाच्या जिवावर बसून खाणार?

बाळ गोरंगोमटं, पण कपाळ पुढे आलेलं आणि अंग पांढरंफटक. तीन-चार महिन्यांचं झालं तरी खुळखुळ्याकडे नजर वळेना. दृष्ट काढून झाली, कपिलधारला नवस बोलून झाला. शेवटी बीडच्या डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढला. हाडं दगडासारखी भरीव. मधली पोकळीच नाही, तर रक्त तयार व्हायचं कुठे? कवटीतल्या ज्या भोकांतून डोळ्यांच्या नसा जातात, ती भोकंही आवळत चाललेली. हे सगळं माझं कर्तृत्व.

“लग्न नात्यातलं आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“मामाची मुलगी,” संगमेश्वर म्हणाला आणि खाली बघत राहिला. रुद्राणीने मात्र वर मान करून आत्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती गंगासागरला ‘तुमी’ म्हणायला लागली.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की उपाय एकच. दुसऱ्याच्या हाडातला मगज बाळाच्या रक्तात सोडायचा, म्हणजे नव्या पेशी येतील आणि हाडं कुरतडू लागतील. उशीर झाला तर बाळ हाती लागणार नाही. देणाऱ्याचा आणि बाळाचा मेळ मात्र पुरता बसायला हवा. आई-बापांचा अर्धाच बसला, विरुपाक्षचाही अर्धाच. मग बाहेरचा दाता शोधायची बोलणी सुरू झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गंगासागर बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली असायची. तिला तपासायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. एका नर्सने सहज विचारलं, “या आजींचं रक्त घेतलंय का?”

तिचा मेळ पुरा बसला. मेळ ज्या जनुकांवरून ठरतो, त्यांचा बाळाकडचा एक वाटा संगमेश्वरकडून आलेला, दुसरा रुद्राणीकडून, पण दोन्ही मुळात धारूरच्या घरातले, आणि गंगासागरकडे ते दोन्ही होते. ज्या नात्याने घात केला, त्यानेच हा मेळही घातला.

“पर माझ्यात बी ते खराब हायच न्हवं?” गंगासागरने डॉक्टरांना विचारलं.

“हो. पण तुमच्यात एकच खराब आहे, दुसरा चांगला आहे.”

तिने ‘हो’ ऐकलं. पुढचं कानात शिरलंच नाही. दुपारी रुद्राणी उतरायच्या जागी आली, तेव्हा सासूची पिशवी भरून तयार होती.

“कुठं निघालाव?”

“माजलगावला. माझं रक्त न्हाई द्यायचं त्या लेकराला. येकदा आलंय तिच्यात, काय झालं ते बघितलं न्हवं? नासकं इरजन पुन्ना कावून लावायचं?”

रुद्राणीने विचारलं, “तुमाला डोळ्यानं दिसतंय न्हवं?”

“दिसतंय.”

“हाडं धड हायत? जिना चढून येता न्हवं?”

“येते की.”

“मंग ज्या रक्तानं तुमाला इतकी वर्सं चालवलं, ते माझ्या लेकीला कावून चालवनार न्हाई? तुमच्यात येक खराब हाय अन् येक चांगलं हाय. ते चांगलं तिच्याकडं आलंच न्हाई. ते द्या तिला.”

“रुद्रे, मी दार आडवून तुला मागून आणलं गं. माझ्यामुळंच...”

“मला म्हाईत हाय. त्याचा लई राग हाय मला, अन् तो आज जानार न्हाई. पर लेकरूच गेलं, तर राग धरून मी काय करू? चला, उठा.”

तिने सासूच्या हातातून पिशवी घेतली आणि पुढे चालू लागली. गंगासागर मागून निघाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र उतरवलं. गळ्यातलं लिंग मात्र ती देईना. शेवटी नर्सनेच ते पट्टीत गुंडाळून तिच्या मनगटाला बांधलं. तिच्या कमरेच्या हाडातून मगज काढला. पिशवीत तो साध्या रक्तासारखाच दिसत होता. संध्याकाळी नळीतून तो शांभवीत उतरला, आणि त्याच्याबरोबर मीही उतरलो.

मला सोडून जोडीदार एकटा येऊ शकला असता, तर मी खुशाल मागे राहिलो असतो. पण आमची जोडी तुटत नाही. ज्या अंगाची मी वाट लावली, त्याच अंगात मी पुन्हा पाहुणा म्हणून शिरत होतो. शरमेने कुठे तोंड लपवावं कळेना. जोडीदार मात्र आल्या आल्या कामाला लागला. त्याचा पंप सुरू झाला. दगडासारखी हाडं हळूहळू आतून पोकळ होऊ लागली, त्यात रक्त धरलं, बाळाच्या गालावर रंग आला.

डोळे मात्र परतले नाहीत. नसा आधीच दबून गेल्या होत्या. शांभवीला उजेड कळतो, चेहरा कळत नाही.

आता ती माजलगावच्या घरात दुडदुडते, भिंतीला हात लावत लावत. गंगासागर तिचं सगळं करते, न्हाऊमाखू घालते, भात कालवून देते. पण रुद्राणी समोर असली की नातीला मांडीवर घेत नाही. कोपऱ्यात गप्प बसून राहते, हालचालसुद्धा करत नाही, म्हणजे पोरीला चाहूल लागू नये. आपल्याला तो हक्क उरला नाही असं तिला वाटतं. परवाही तशीच बसली होती. शांभवी चाचपडत आली, तिच्या गुडघ्याला हात लागला, मग हनुवटीला, मग ओल्या गालाला. “आज्जी,” ती म्हणाली आणि खुशाल मांडीत चढून बसली. रुद्राणी भाकऱ्या थापत होती. तिने पाहिलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मला अजूनही तोंड नाही. तुम्हाला आहे. कधी माजलगावच्या मोंढ्याकडे गेलात, तर गंगासागरला माझा एवढा निरोप द्या. बाई, तू फक्त भावाची लेक मागितलीस. तिच्या पदरात मी होतो, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. शिव्याशाप द्यायचे ते मला दे. आणि ती पोर मांडीवर आली, की तिला उतरवू नकोस.