पहिला ठिपका

थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवण्यात जन्म घालवलेल्या त्या म्हाताऱ्याचं हृदय मोठं लबाड होतं. घरी वाटेल तेव्हा उड्या मारायचं आणि डॉक्टरीणबाईंसमोर गेलं की गुणी पोरासारखं हाताची घडी घालून बसायचं. शेवटी बाईंनी काडेपेटीएवढं एक यंत्र त्याच्या गळ्यात अडकवलं.

"काका, धडधड सुरू झाली की हे छातीला लावा आणि बटण दाबा. दाबल्यापासून पुढचे ठोके त्यात टिपले जातात."

महिना सरत आला. त्याने कितीदा तरी बटण दाबलं, पण दरवेळी ठोके अगदी सुरळीत. "मनाचे खेळही असू शकतात," बाई जपून म्हणाल्या. उद्या यंत्र परत करायचं होतं.

"मरायची भीती नाही गं," तो बायकोला म्हणाला. "पण खोटारडा ठरून नाही मरायचं." हल्ली झोपेतही तिचा हात त्याच्या छातीवर असायचा.

संध्याकाळी चहा घेताना दोघं थिएटरच्या आठवणी काढून बसली. ते कधीच पाडलं होतं, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. पण तापलेल्या रिळांचा वास आठवला की दोघांना अजून भरून यायचं. ती तिथे तिकीट खिडकीवर होती. खेळ सुरू झाला की खिडकी लावून वर केबिनमध्ये यायची. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, म्हणजे तयार राहा. मग दुसरा, म्हणजे खटका दाबून दुसरं रीळ जोडा. पहिला दिसला की ती "आला!" म्हणून ओरडायची. हा खटक्यावर बोट ठेवून ढिम्म. दुसऱ्यालाच दाबायचा. त्याच्या हातून पडदा कधी पांढरा पडला नाही.

"लग्नाचंही तेच," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा हसले तर तुम्ही दगडासारखे उभे. पुन्हा हसावं लागलं मला!"

"खात्री नको करून घ्यायला?" तो हसला आणि हसताहसताच थांबला. कप खाली ठेवून त्याने यंत्र छातीला लावलं, बटणावर बोट ठेवलं आणि समोरच्या भिंतीवर नजर लावून बसला. दाबलं मात्र नाही.

ते बोट आणि ती नजर तिला पाठ होती.

"अहो, धडधडतंय ना? मग थांबलात कशाला?"

"अजून नुसती फडफड आहे. डोळ्यांपुढे अंधारी आली की दाबतो."

म्हणजे महिनाभर हा शहाणा सगळं होऊन जाईपर्यंत वाट बघत होता!

"आला!" ती केबिनमधल्यासारखी ओरडली. "पहिल्यालाच दाबा!"

त्याने दाबलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागदाची पट्टी टेबलावर पसरली. दाटीवाटीने धावणारे ठोके, मग एकदम काहीच नाही. बोटभर कोरा कागद, आणि त्यापुढे पुन्हा ठोके.

"काका, तुमचंच खरं होतं. इथे हृदय थांबलं होतं. पेसमेकर बसवू या. एखाद्या दिवशी ते पुन्हा सुरूच झालं नसतं."

तो त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिला. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"तू ओरडलीस म्हणून," तो म्हणाला.

"जन्मभर ओरडतेय," डोळे पुसत ती म्हणाली. "काल पहिल्यांदा ऐकलंत."